ताण पेलायचा तर आधी स्वतःचं ताट बघू या

 

आजचा विषय आहे ताण. हा शब्द आपल्या तोंडी फारसा नसतो. आपण म्हणतो, डोकं भणभणतंय. छातीत धडधडतं. रात्री अडीच वाजता जाग येते आणि मग डोळा लागत नाही. कशात मन लागत नाही, पोरांवर उगाच खेकसायला होतं. हे सगळं ताणाचंच बोलणं आहे.

आपल्या श्रीरामपूर तालुक्यात ताणाची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. कांद्याचा भाव पडतो, उसाचं बिल लांबतं, बचत गटाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच येतो. शहरात राहणारीला भाडं, शाळेची फी, क्लासची फी. घरात कोणाचं आजारपण, कोणाचं पिणं, लेकीच्या लग्नाची काळजी. तेव्हा पहिल्यांदाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पालेभाजी खाल्ल्याने कांद्याला भाव मिळणार नाही आणि चालायला गेल्याने कर्ज फिटणार नाही. असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. मग खाण्यापिण्याचं आणि व्यायामाचं आज का बोलायचं?

आपल्या विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण घेऊ. विजेचा दाब कमी असला की मोटार घरघरते, तापते आणि एक दिवस जळते. पाणी तेवढंच, पाईप तोच, ओझंही तेच. पण दाब कमी पडल्यामुळे तेवढंच काम करायला मोटार जास्त करंट ओढते आणि गुंडाळी तापते. आपल्या शरीराचंही तसंच होतं. अंगात रक्त कमी, पोटात वेळेवर अन्न नाही, झोप अपुरी, आणि त्यावर रोजचं ओझं. ओझं कमी करणं नेहमी आपल्या हातात नसतं. दाब वाढवणं थोडंफार तरी असतं. आजचं बोलणं त्या ‘थोडंफार’बद्दल आहे.

बिबट्या आणि हप्ता

ताण आला की अंगात काय होतं ते आधी समजून घेऊ. आपल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे हे सगळ्यांना माहीत आहे. समजा संध्याकाळी बांधावरून येताना उसात खसफस झाली. क्षणात काळीज धडधडतं, श्वास भराभर चालतो, हातापायांत वेगळंच बळ येतं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या अशा वेळी ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल नावाचे रस रक्तात सोडतात. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, म्हणजे पळायला इंधन मिळतं. पचन मंदावतं, कारण त्या घडीला जेवण पचवण्यापेक्षा जीव वाचवणं महत्त्वाचं असतं.

ही निसर्गाची देणगी आहे. अडचण पुढे आहे. बँकेची नोटीस आली किंवा घरात भांडण झालं, तरी शरीर याच वाटेने जातं. त्याला बिबट्या आणि हप्ता यातला फरक फारसा कळत नाही. बिबट्या निघून जातो आणि अर्ध्या तासात आपण शांत होतो. हप्ता मात्र महिनोन्महिने डोक्यावर बसतो. पळण्यासाठी रक्तात ओतलेली साखर वापरलीच जात नाही, कारण आपण पळत नाही, चुलीपुढे बसून विचार करत राहतो. असं रोज झालं की झोप उडते, पित्त खवळतं, रक्तदाब वाढतो, पाळी पुढेमागे होते, पोटावर चरबी चढते, साखरेचा आजार असेल तर तो आटोक्यात राहत नाही.

मग दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, या सततच्या सावधपणात शरीराची झीज होते आणि ती भरायला अन्न लागतं. दुसरी, शरीर जी हालचाल करायला तयार झालं आहे ती त्याला करू दिली, तर ते लवकर शांत होतं. आहार आणि व्यायाम यांचं ताणाशी नातं ते हे असं.

न जेवणं हाही ताणच

आता आपला दिवस बघू. पहाटे पाचला उठणं, झाडलोट, पाणी, धारा, डबे. मध्ये दोन कप चहा. दहाला परत चहा. सगळ्यांची जेवणं उरकून आपल्या पोटात पहिला घास जातो तो एक-दीड वाजता. आदल्या रात्री नऊला जेवलो असलो तर सोळा-साडेसोळा तास झाले. पोट एवढा वेळ रिकामं राहिलं की रक्तातली साखर फार खाली जाऊ नये म्हणून शरीर काय करतं? तेच ॲड्रेनालिन, तेच कॉर्टिसॉल सोडतं. म्हणजे घरात काही वाईट घडलेलं नसतानाही अंग ‘बिबट्या आला’ असं वागू लागतं. अकरा वाजता हात थरथरणं, डोकं दुखणं, उगाच रडू येणं यामागे पुष्कळदा रिकामं पोट असतं.

यावर उपाय साधा आहे. उठल्यापासून दीड-दोन तासांत काहीतरी खायचं. रात्रीची भाकरी आणि दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे, मोड आलेली मटकी, उकडलेलं अंडं, जे घरात असेल ते. त्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही. डबे भरताना पहिली अर्धी भाकरी आपल्या पोटात गेली पाहिजे, एवढाच नियम.

उपवासाचंही तसंच. श्रद्धा ज्याची त्याची, पण उपवासाला साबुदाणा आणि चहा यावर दिवस काढला तर पोटात जवळजवळ नुसता स्टार्च आणि साखर जाते. त्याऐवजी राजगिरा, भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, एखादं फळ ठेवावं. उपवासही होतो आणि चक्करही येत नाही.

रक्त कमी की मन कमजोर?

हा आजच्या बोलण्यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून नीट ऐका. थकवा, धाप, छातीत धडधड, चिडचिड, कामात लक्ष न लागणं ही ताणाची लक्षणं आहेत. आणि हीच अंगात रक्त कमी असल्याचीही लक्षणं आहेत. कित्येक बायकांना ‘तू फार विचार करतेस’ असं ऐकून घ्यावं लागतं, आणि प्रत्यक्षात त्यांचं हिमोग्लोबिन आठ असतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के जणींत रक्त कमी आढळलं. म्हणजे पाणवठ्यावर दहा जणी उभ्या असतील तर त्यातल्या पाच जणी तरी.

तेव्हा ताण वाटतोय म्हणून मनाला दोष देण्याआधी रक्त तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. आशाताईंना विचारा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त हवं, गरोदर असेल तर ११ तरी हवं. कमी निघालं तर सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळीने शौचाला काळं होतं, कधी पोट जड होतं. घाबरून गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. थकवा जातच नसेल तर थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्वही तपासावं लागतं. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. दूधदुभतंही न घेणाऱ्या शाकाहारी बाईला त्याची उणीव पटकन होते.

आता जेवणातलं लोह. बाजरी, हुलगे, मटकी, हरभरा, तीळ, अळीव, पालेभाज्या यांत ते आहे. पण वनस्पतीतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट लागतं, म्हणजे क जीवनसत्त्व. आपल्याकडे त्याची काय कमी? श्रीरामपूरची मोसंबी एके काळी लांबवर जात होती, शेजारच्या राहात्याचा पेरू आजही जातो. मोसंबी, पेरू, आवळा, लिंबू, यातलं एक काहीतरी जेवणाबरोबर असू द्या. उसळीवर अर्धं लिंबू पिळलं तरी चालेल.

चहाचं मात्र उलटं आहे. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यांतही जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. जेवलं की लगेच अर्धा कप, ही सवय आपल्याला महागात पडते.

गुळाबद्दल पण बोलू. गुळाने रक्त वाढतं असं आपण ऐकत आलो. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण खड्याभर गुळाने गरज भागत नाही, आणि पावशेर गूळ खाल्ला तर साखर खाल्ल्यासारखंच होतं. शेंगदाण्याबरोबर चवीपुरता गूळ खा, रक्त वाढवायचा भरवसा त्याच्यावर ठेवू नका.

साखरेच्या गावात साखरेचा हिशोब

आपला हा सगळा भाग साखरेवर उभा राहिला. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी आलं, ऊस आला, हरेगाव, टिळकनगर, अशोकनगर अशी कारखान्यांची नावं घराघरांत झाली. साखरेने आपल्याला पैसा दिला. पण कपातल्या साखरेचा हिशोब कधी केला आहे का?

एका कपात दोन चमचे. चमचा साधारण पाच ग्रॅमचा धरा. दिवसाला पाच कप चहा झाला तर ५० ग्रॅम साखर. महिन्याला दीड किलो, तीही एकटीच्या आणि फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी आणि २५ ग्रॅमच्या आत असेल तर आणखी चांगलं. हे सगळं मिळून, लाडू, बिस्किटं, थंड पेयं धरून.

ताण आला की गोड खावंसं वाटतं, चहा घ्यावासा वाटतो, यात तुमचं काही चुकत नाही. शरीर चटकन मिळणारं इंधन मागत असतं. पण नुसत्या साखरेने आलेली तरतरी तासा-दीड तासात उतरते आणि मग पुन्हा चहा लागतो. चहा तोडा असं आम्ही म्हणणार नाही. कप निम्मे करा, साखर दोन चमच्यांवरून एकावर आणा आणि चार वाजल्यानंतरचा चहा बंद करा. चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो. रात्री झोप न लागण्यात या संध्याकाळच्या चहाचा वाटा असू शकतो.

ताटात काय असावं

राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसभराच्या ताटाचा एक नमुना दिला आहे. सुमारे दोन हजार कॅलरींच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५, दाणे आणि तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर. आपलं ताट यापुढे ठेवून बघा. भाकरी भरपूर असते. कमी पडतात त्या भाज्या, कडधान्यं आणि दूध.

साधारण ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. हा आकडा ऐकून पावडरचा डबा आणायची गरज नाही. तीन बाजरीच्या भाकरींतून वीसेक ग्रॅम मिळतात. अर्धी वाटी कोरड्या मटकीची उसळ झाली की दहा-बारा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, कपभर दुधातून सहा. झाला की हिशोब. अंडं खात असाल तर एका अंड्याचे सहा. हुलगे, मटकी, शेंगदाणे, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, अंबाडी, घोळ, चाकवत, शेपू, शेवग्याचा पाला ही आपल्या आजीच्या वेळची नावं आहेत. ती गरिबाची म्हणून मागे पडली, पण अंगाला बळ देण्यात ती कुठेही उणी नाहीत.

इथे दुधाबद्दल एक बोलायचं आहे. आपला नगर जिल्हा दुधाचा जिल्हा. गोठ्यात दोन-तीन गाई असतात, सकाळ-संध्याकाळ कॅन डेअरीला जातो आणि घरात चहापुरतं दूध उरतं. धार काढणाऱ्या बाईच्या वाट्याला तेवढंही नसतं. कॅन भरायच्या आधी घरातल्या प्रत्येकासाठी एक कप बाजूला काढायचा, धार काढणारीसाठीसुद्धा. पगाराच्या हिशोबात ते फार दिसणार नाही, अंगाच्या हिशोबात दिसेल.

आणि भाजी? ज्या अकोले तालुक्यात भंडारदरा धरण आहे, त्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी देशी बियाणं जपलं, गावठी वाल-घेवड्याचे, भाज्यांचे वाण राखले, घरी बियाण्यांची बँक केली. नातवंडाच्या आजारपणावरून आपण काय पिकवतो आणि काय खातो हा प्रश्न त्यांना पडला, असं त्या सांगतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी बायकांना परसबागेची वाट दाखवली. आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर दहा बाय दहाच्या जागेत शेवगा, कढीपत्ता, लिंबू, मेथी, पालक, दोडका, घेवडा होतो. गावात जागा नसेल तर गच्चीवर जुन्या बादल्यांत मेथी-कोथिंबीर होते. भाजी तर मिळतेच, आणि सकाळी मातीत हात घालून दहा मिनिटं बसलं की मनही निवतं. तेही ताणावरचं औषधच आहे.

शेवटी जेवणारी बाई

एवढं सगळं सांगितलं, पण एक प्रश्न उरतो. सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या ताटात हे येणार कसं? भाजी सासऱ्यांना, नवऱ्याला, पोरांना वाढली जाते आणि तिच्यासाठी राहतो तो रस्सा आणि चटणी. लोहाची सगळ्यांत जास्त गरज तिला, कारण पाळी तिला, बाळंतपण तिला. आणि सगळ्यांत कमी तिच्याच वाट्याला.

म्हणून आमचं हे बोलणं घरातल्या पुरुषांनीही ऐकावं. बाईने ‘ताण घेऊ नको’ असं तिला सांगून भागत नाही. रात्रीचं एक जेवण तरी सगळ्यांनी एकत्र बसून करा. पातेलं मध्ये ठेवा, सगळ्यांना सारखं वाढा. जेवण झाल्यावर ताटं ज्याची त्याने उचलली तर तिला अर्धा तास आधी अंथरुणाला पाठ टेकता येईल. सासूबाईंनाही विनंती आहे. तुम्ही सोसलंत, ते सुनेने सोसायलाच हवं असं नाही. आणि सुनांनो, सासूबाईंच्याही ताटात वाटीभर उसळ पडते का ते बघा. म्हातारपणी दात नाहीत म्हणून त्या नुसती चहा-चपाती खात असतील, तर त्यांच्यासाठी कडधान्य मऊ शिजवा.

राबतो तरी व्यायाम कशाला?

व्यायामाचं नाव काढलं की शेतात जाणाऱ्या बाया हसतात. दिवसभर खुरपायचं, मोळ्या उचलायच्या, आणि वरून व्यायाम? त्यांचं म्हणणं रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल सांगते. ती शेतातली बाई दोन दिवसांत पूर्ण करते. तिला पळायला सांगणं म्हणजे थकल्या बैलाला आणखी जुंपणं.

पण काम आणि व्यायाम यात फरक आहे. खुरपताना, कांदा लावताना, ऊस तोडताना अंग तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेलं असतं. तेच स्नायू, तोच कोन, आणि मन मुकादमाकडे नाहीतर घड्याळाकडे. अशा बाईने कामाच्या उलट दिशेला अंग मोकळं करायचं. दर तास-दीड तासाने उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा सावकाश मागे झुकायचं. हात वर ताणून पंजे एकमेकांत गुंतवायचे. खांदे मागून पुढे, पुढून मागे फिरवायचे. घरी आल्यावर पाठीवर झोपून पाय भिंतीला वर टेकवून पाच-दहा मिनिटं पडायचं, पायांची सूज आणि ठणका उतरतो. मार्जारासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर येऊन पाठ मांजरीसारखी वरखाली करायची, कमरेला चांगलं. तिचा खरा व्यायाम एवढाच, आणि तिची दुसरी गरज म्हणजे विश्रांती.

मशीनवर, दुकानात, ऑफिसात, घरात बसून काम करणाऱ्या बाईचं वेगळं. तिने आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठाबस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढं घरात जमतं. चाळिशीनंतर हाडं आणि स्नायू टिकवायला याची फार गरज असते.

चालायला कुठे आणि कधी जायचं हे मात्र आपल्या भागात विचार करून ठरवावं लागतं. शहरातली पुस्तकं पहाटे पाचला चालायला सांगतात. आपल्याकडे अंधारात उसाच्या कडेने एकटीने जाऊ नका. उजाडल्यावर निघा, दिवस मावळायच्या आत परत या, दोघी-तिघी मिळून जा, लहान पोरांना मागे-पुढे सोडू नका. शाळेचं मैदान, मंदिराचं आवार, वर्दळीचा रस्ता बरा. नाहीतर अंगण आणि गच्ची आहेच.

आणि खेळ? नागपंचमीला, मंगळागौरीला आपल्या आज्या फुगड्या, झिम्मा, पिंगा खेळायच्या. पाच मिनिटं फुगडी घालून बघा, काय धाप लागते ते. त्या खेळात पाय, कंबर, श्वास सगळ्यांना व्यायाम होता, आणि मैत्रिणींची सोबत होती, हसणं होतं. तो दिवस वर्षातून एकदाच का असावा? आठवड्यातून एका संध्याकाळी बचत गटाची बैठक झाली की पंधरा मिनिटं खेळा. गुडघे दुखत असतील त्यांनी टाळ्या वाजवत गोल फिरायचं. एकटीने सुरू केलेला व्यायाम आठ दिवसांत सुटतो, गटाने धरलेला टिकतो. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्याच साध्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. पुष्कळ जणी अक्षर ओळखत नव्हत्या. पण त्या एकमेकींना धरून शिकल्या आणि गावाचं खाणंपिणं, स्वच्छता, बाळंतपण बदललं.

चालणं, खेळणं काही जमलंच नाही तर श्वास तरी आहे. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. पाच मिनिटं. श्वास सोडणं लांबवलं की काळजाचे ठोके मंदावतात. ज्यांना रात्री अडीचला जाग येते त्यांनी त्या वेळी मोबाईल न उघडता हे करून बघावं.

याने खरंच फरक पडतो का?

ऑस्ट्रेलियात एक छोटा अभ्यास झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. उदासीनतेच्या आजाराने त्रासलेल्या ६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला बारा आठवडे भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे, मासे वाढवायला आणि गोड-तळलेलं कमी करायला मदत केली. दुसऱ्या गटाशी नियमित गप्पागोष्टी केल्या. आहार बदललेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांचा आजार उतरला, दुसऱ्या गटात ८ टक्क्यांचा. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळं सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पण ताटाचा मनाशी संबंध आहे हे त्यातून दिसतं. त्या लोकांनी चालू असलेले औषधोपचार सोडले नव्हते हेही लक्षात ठेवा.

कारण काही दुखणी ताटाने आणि चालण्याने बरी होत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खचलेलं राहिलं, झोप-भूक गेली, कामच होईनासं झालं, किंवा जगू नये असे विचार येऊ लागले, तर थांबू नका. डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या शेतकऱ्याच्या, पोराच्या वागण्यात असा बदल दिसला तरी याच नंबरवर तुम्ही त्यांच्यासाठी विचारू शकता. आणि ताणाचं कारण घरातली मारहाण असेल तर उपाय आहारात शोधू नका. १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे, तातडी असेल तर ११२.

चार आठवड्यांची सुरुवात

सगळं एकदम करायला गेलं की काहीच होत नाही. म्हणून एकेक आठवडा घेऊ.

पहिला आठवडा: सकाळी उठल्यापासून दोन तासांत काहीतरी खायचं. दुसरं काही बदलायचं नाही. याच आठवड्यात आशाताईंना विचारून रक्त तपासून घ्यायचं.

दुसरा आठवडा: जेवण आणि चहा यात तासाचं अंतर. चहातली साखर एक चमचा. जेवणात लिंबू, आवळा, पेरू, मोसंबी यातलं एक.

तिसरा आठवडा: रोज वाटीभर उसळ किंवा घट्ट डाळ आणि कपभर दूध नाहीतर दही स्वतःच्या नावाने काढून ठेवायचं. दहा मिनिटं चालणं किंवा अंग मोकळं करणं सुरू करायचं, एका मैत्रिणीला सोबत घ्यायचं.

चौथा आठवडा: चालणं वीस मिनिटांवर न्यायचं. रात्रीचं एकत्र जेवण आणि झोपण्याची एक ठरलेली वेळ. परसात किंवा बादलीत मेथी पेरायची.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या दिवशी पेनाने एक टिक करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवसापासून पुढे चला. रक्तदाब, साखर, हृदयाचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. महिना झाल्यावर तीन गोष्टी बघा: सकाळी उठताना अंग कसं वाटतं, अकरा वाजता चिडचिड होते का, रात्री झोप किती लागते. हिमोग्लोबिन कमी निघालं असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा, आकडा वाढलेला बघून हुरूप येतो.

मैत्रिणींनो, हे बोलणं ऐकून झालं की आज एवढंच करा. संध्याकाळी भाजी टाकताना पातेल्यात तुमच्या वाट्याची वाटी धरून टाका, आणि वाढताना ती वाटी आधी बाजूला काढा. शेजारच्या जाऊबाईला, काकूला पण सांगा. उद्या सकाळी उजाडल्यावर दोघी मिळून दहा मिनिटं चालून या. नमस्कार.